नवशीचा खुबा

हॉस्टेल
१० एप्रिल २०१८

सुषमाताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता रूममेटकडून लिहून घेतलाय. तुझा फोन मला लागत नाही. लाहूभावोजींनी माझा आवाज ऐकून फोन ठेवला. राहता राहिलं पोस्ट. पोस्टमन कुणावर रुसत नाही.

महालक्ष्मीच्या जत्रेत मी तुम्हाला पाहिलं. आई नेहमीच्या जागी सुकी मासळी मांडून बसली होती, मी शेजारी पिशव्या भरत होते. तू आमच्या अगदी समोरून गेलीस, मान सरळ ठेवून. पुढे भावोजी आणि तुझ्या सासूबाई, आणि मध्ये तुझी नवशी, कुणाचा हात न धरता एकटी चालत. आईनं तुम्हाला पाहिलं की नाही, कळलं नाही. ती तेव्हा एका बाईशी करदीच्या भावावरून भांडत होती आणि भांडतच राहिली. मला हाक मारायची होती. पण तू वारल्यांच्या मुलाशी लग्न करून तलासरीला गेलीस तेव्हापासून घरात तुझं नाव घ्यायची सोय नाही. बाबा बंदरावर लोकांना सांगतात, मला एकच मुलगी. ती एकच मुलगी घाबरट आहे, म्हणून पिशव्या भरत बसली.

पण मी नवशीचं चालणं पाहिलं, आणि त्यासाठीच हे पत्र. तुम्ही पुढे गेलात तशी ती पाठमोरी दिसत होती. प्रत्येक पावलाला तिची डावी बाजू खाली जात होती. तू म्हणशील, सोळा महिन्यांचं पोर डुलतंच. डुलतं, पण दोन्हीकडे डुलतं. ही एकाच बाजूला खचते. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे, हे तुला कुणाकडून तरी कळलं असेल. सप्टेंबरपासून आम्ही हाडं आणि स्नायूच घोकतोय. आता मला माणसं दिसतच नाहीत, नुसते सांधे चालताना दिसतात. हॉस्टेलच्या मुली मला टाळायला लागल्यात.

मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो. कंबरेच्या हाडात एक वाटी असते. गोळा वाटीत बसतो, तो खुबा. काही बाळांचा गोळा वाटीत नीट बसलेलाच नसतो. दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. पोर उशिरा चालतं आणि असं खचत चालतं. पुस्तकात लिहिलंय की दीड वर्षाच्या आत सापडलं तर बहुतेकांचं नुसत्या प्लास्टरवर भागतं. नंतर कापावं लागतं, आणि आणखी उशीर झाला तर जन्मभराची लंगड. तेव्हा उद्याच जा आणि डाव्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. डाव्या. सोबत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, तो एक्स-रेवाल्याला दाखव.

आणखी एक. तुझ्या सासूबाई तिला कडेवर पाय फाकवून घेतात, जत्रेतही पुढे गेल्यावर घेतलेली पाहिली. ते बंद करायला सांग. अशानं खुब्यावर ताण येतो. पाय सरळ राहिले पाहिजेत.

मॅडमना मी हे विचारलेलं नाही. विचारलं असतं तर घरचं सगळं सांगावं लागलं असतं. पण पुस्तक नीट वाचलंय. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. एक ओळ लिही.

रुपल


वाढवण
६ जून २०१८

ताई,

एकच ओळ मागितली तर तू तीन पाठवल्यास. "एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, खुबा एकदम नीट आहे. आता आमच्या पोरीत खोट काढायला पत्र पाठवू नकोस." शेवटी नाव नाही. आई रागावली की ताट वाढून हाक मारत नाही, तशीच तू सही करत नाहीस. कुणाची मुलगी आहेस ते लपत नाही.

मी खोट काढत नव्हते. भावोजींना तसं वाटलं असणार, आणि त्यांना का वाटलं तेही मला समजतं. आपल्या घरानं त्यांच्यात खोट काढण्यापलीकडे दुसरं केलंय काय? नवशी झाली तेव्हा आई सातपाटीला मावशीकडे जाते असं बाबांना सांगून तुझ्याकडे महिनाभर राहिली, तेव्हा मला वाटलं होतं आता गाडी रुळावर येईल. ती महिन्यानं परत आली ती तोंड शिवूनच. तिथे काय झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. नवशीचं नाव तुझ्या सासूच्या आईवरून ठेवलं याचा राग, असं मी धरून चालले होते. तुझ्या सासूला ती अजून 'तलासरीची बाई' म्हणते. विहीण हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

परीक्षा झाली, घरी आलेय. बोटी वर ओढल्यात, बाबा दिवसभर ओट्यावर जाळी शिवतात. मी सीनियरकडून हाडांचा अर्धा संच आणला होता. खरी हाडं, माणसाची. आईनं पेटी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. आधी विचारलं, हा बाप्या की बाई? मी म्हटलं, कंबरेवरून बाई वाटते. मग म्हणाली, कुणाच्या तरी घरची आहे, तिला उघड्यावर नको ठेवू. आता ती बाई जाळ्यांच्या खोपीत आहे, वर आईचं जुनं लुगडं पांघरून. बाबा खोपीत शिरताना खाकरतात.

एक्स-रे नीट आला याचा मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण रात्री डोळे मिटले की ती पाठमोरी नवशी दिसते आणि डावी बाजू खाली जाते. एक्स-रे खोटं बोलत नाही. मग मी काय पाहिलं? ती अजून तशीच चालते का, एवढंच सांग. नसेल सांगायचं तर राहू दे. मी पुन्हा लिहिणार नाही.

रुपल


हॉस्टेल
३० ऑगस्ट २०१८

ताई,

लिहिणार नाही म्हटलं होतं. शब्द मोडतेय. हे पत्र उभ्या उभ्या वाच आणि वाचून झालं की लगेच निघ.

मी चुकले. बाजू चुकली. नवशीचा डावा खुबा चांगलाच असणार, एक्स-रे बरोबरच होता. बिघाड उजव्यात आहे.

आज दुसऱ्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. मॅडमनी भिंतीवर एका बाईच्या चालण्याचा व्हिडिओ लावला, पाठीमागून काढलेला. ती उजव्या पायावर आली की तिची डावी बाजू खाली जायची. हुबेहूब नवशी. मॅडमनी विचारलं, कुठला खुबा कमजोर? मी सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं म्हटलं, डावा. मॅडम हसल्या. म्हणाल्या, पहिल्या वर्षातून आलेले सगळे हेच म्हणतात.

मग त्यांनी मलाच पुढे बोलावलं आणि एका पायावर उभं केलं. आपण उजव्या पायावर उभे असतो तेव्हा डावी बाजू अधांतरी असते. तिला वर धरून ठेवतात उजव्या खुब्यावरचे स्नायू. गोळा वाटीत नसेल तर त्या स्नायूंना जोर लावायला टेकू राहत नाही. ते सोडून देतात, आणि खाली जाते ती पलीकडची, धडधाकट बाजू. टोपलीचा एक कान तुझ्या हातात आणि एक माझ्या हातात असताना मी हात सैल सोडला, तर मासे माझ्याकडे सांडतात. इथे ते उलटं होतं. खचलेली दिसते एक आणि सोडलेलं असतं दुसरीनं. त्या एक्स-रेवाल्यानं मी लिहिलं तेवढंच केलं. डावा खुबा म्हटलं, त्यानं डावा काढला. मी 'दोन्ही' एवढं लिहिलं असतं तर एप्रिलमध्येच सापडलं असतं.

तास संपल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. जत्रा, पत्र, तू, सगळं. मला वाटलं त्या पाठीवर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "तुला अजून बघायला शिकवतोय आम्ही. सांगायचा अधिकार कुणी दिला?" मी रडले. त्यांनी रडू दिलं आणि मग मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलातल्या लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. मंगळवारी ते बाहेरचे पेशंट बघतात. त्या स्वतः फोन करणार आहेत. दीड वर्ष उलटलंय, तरी अजून वेळ गेलेली नाही, पण एक आठवडाही वाया घालवू नका, असं म्हणाल्या.

मॅडमनी मला आणखी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

तू आता माझ्यावर का विश्वास ठेवावास, याला माझ्याकडे कारण नाही. माझ्यावर ठेवू नकोस. नवशीला न्हाऊ घालताना उताणी झोपव, दोन्ही गुडघे दुमडून पावलं जवळ ठेव आणि समोरून बघ. दोन्ही गुडघे एका उंचीला आले तर हे पत्र जाळ.

रुपल


वाढवण
१७ सप्टेंबर २०१८

ताई,

काल मी तुझ्या घरी येऊन गेले, हे तुला कळलंच असेल. तुझं उत्तर येईना. गणपतीसाठी घरी आले होते, डहाणूला मैत्रिणीकडे जाते सांगितलं आणि तलासरीची गाडी धरली. खोटं बोलून तुझ्याकडे यायची आता घराण्याची रीतच पडली आहे.

तू कंपनीत गेली होतीस. भावोजी अंगणात होते. मला पाहिलं आणि कुऱ्हाड घेऊन मागच्या बाजूला लाकडं फोडायला गेले. मी असेपर्यंत फोडतच होते. वर्षभराची लाकडं झाली असतील. मला घाव ऐकू येत होते आणि मी तुझ्या सासूबाईंसमोर बसले होते.

नवशी त्यांच्या गुडघ्याशी उभी होती. तिनं दोन्ही हात वर केले, कडेवर घे म्हणून. त्यांनी तिला काखेत धरून उचललं आणि पुन्हा चटईवर ठेवलं. पोरीनं परत हात वर केले. त्यांनी परत तेच केलं. मी म्हटलं, घ्या ना तिला. तर म्हणाल्या,

"आता नाय घेत कडेवं. तू लिवलंस ना, नको घेऊ? सुषमानं वाचून दावलं. तवापासून सोडलं."

ताई, एप्रिलपासून त्या बाईनं नातीला कडेवर घेतलेलं नाही. मी लिहिलं म्हणून.

मी त्यांना नवशीला झोपवायला सांगितलं. गुडघे दुमडले. उजवा गुडघा डाव्यापेक्षा खाली होता, आंधळ्यालाही कळावं इतका. दोन्ही मांड्या बाजूला उघडल्या तर डावी सहज गेली आणि उजवी अर्ध्यातच अडली. नवशी हसत होती, तिला तो खेळ वाटला. तू हे करून पाहिलं होतंस, सासूबाईंनी सांगितलं. पाहिलंस, आणि कुणाशी न बोलता कामाला जात राहिलीस. माझा राग धर, सगळा जन्म धर, पण तो तिच्या पायावर काढू नकोस.

मॅडमचा तो प्रश्न आता सांगते. त्यांनी विचारलं, तान्हेपणी या बाळाला घरी पाय सरळ करून घट्ट बांधत होते का? मला उत्तर माहीत होतं. आपल्याकडे सगळीच बाळं तशी बांधतात. मालिश झालं की पाय ओढून, जुळवून, लुगड्याच्या तुकड्यात गच्च, म्हणजे पाय वाकडे होत नाहीत. पण ते तान्ह्या बाळाच्या खुब्याला वाईट. वाटी तेव्हा उथळ असते, पाय जुळवून ताणले की गोळा बाहेर सरकू पाहतो. पाय फाकवून कडेवर घेतलं तर तो आत बसतो. मी पत्रात तुला नेमकं उलटं लिहिलं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. जत्रेहून घरी येताना मी आईला आडून विचारलं होतं की पोरं अशी का चालतात. ती म्हणाली, ती तलासरीची बाई फाकवून घेते ना, त्यानं. म्हणजे आईनं तुला पाहिलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आईचं वाक्य उचललं आणि त्याला 'ताण' हा शब्द चिकटवला.

तुझ्या सासूबाईंनी त्या महिन्यातलं भांडण काल मला सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "पोर हाय का बोंबील हाय, बांधून ठेवायला?" आईला ते लागलं. तिनं त्यांच्या जातीवरून काय काय काढलं तेही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तू समोर होतीस. तू आईला घराबाहेर काढलंस. पण बांधणं मात्र तू चालू ठेवलंस, चार महिने. कारण तेवढं तुला आईचं बरोबर वाटलं. मलाही वाटलं असतं.

एकट्या बांधण्यानं हे झालं असं कुणीच सांगू शकत नाही. मॅडम म्हणतात, मुलींमध्ये जास्त असतं, पहिल्या बाळात जास्त असतं, कारणं मिसळलेली असतात. पण सासूबाईंच्या कडेवर घेण्यानं झालं नाही, हे नक्की. हे मी काल त्यांना सांगितलं. भावोजींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. लाकडं फोडायचा आवाज थांबला नाही. सासूबाईंनी नवशीला उचललं, कडेवर घेतलं आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

घरी येऊन मी आईला खोपीत नेलं. लुगडं बाजूला केलं आणि कंबरेचं हाड आणि मांडीचं हाड तिच्यासमोर धरलं. ती हात लावत नव्हती. मी गोळा वाटीत बसवून दाखवला, बाहेर काढून दाखवला आणि विचारलं, तलासरीला राहिलीस तेव्हा नवशीचे पाय कसे बांधायचीस? मग तिनंच हात पुढे केला. हाडं घेतली, मांडीचं हाड बाजूला फाकवलं, मग सरळ केलं, परत फाकवलं. कितीतरी वेळ तेच. शेवटी विचारलं, "माझ्या हातानं?" मी म्हटलं, कदाचित. मला 'नाही' असंही म्हणता आलं असतं. बाहेर ओट्यावर बाबा जाळं शिवत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार, आई त्यांच्या चोरून तलासरीला राहिली होती तेसुद्धा. संध्याकाळी ते जेवले नाहीत.

पंचवीस तारखेच्या मंगळवारी मी हॉस्पिटलच्या दारात उभी असेन. तू आली नाहीस तर त्याच्या पुढच्या मंगळवारी. कॉलेज बुडलं तरी चालेल. मॅडमनी सुट्टी दिली आहे.

रुपल


तलासरी
२६ नोव्हेंबर २०१८

रुपल,

हॉस्पिटलात तुझ्याशी बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर भांडले असते, आणि तिथे नर्स ओरडतात. म्हणून लिहिते.

चौथ्या मंगळवारी तू अजून त्या दारात उभी असशील असं मला वाटलं नव्हतं. लाहू म्हणाला, ही येडी आहे का? मग म्हणाला, चल. त्याच्या तोंडून हो यायला महिना लागला. डावा म्हणते, मग उजवा म्हणते, उद्या डोकं म्हणेल, असं रोज चालायचं. मी गुडघे पाहिले होते. तरी गेले नाही. तू लिहिलंस ते खरं आहे, पण ते तुला लिहायची गरज नव्हती.

ऑपरेशननंतर डॉक्टर परवा शेवटचं बघून म्हणाले, गोळा वाटीत बसलाय आणि राहिलाय. उजवा. एप्रिलमध्ये आणली असती तर बहुतेक कापावं लागलं नसतं, हेही म्हणाले. तुला ऐकायचंच होतं ना, मग ऐक. मी पण ऐकलं.

आता ती घरी आहे. छातीपासून प्लास्टर, दोन्ही पाय फाकवून पक्के, मध्ये काठी. तीन महिने. पोरगी जड दगड झाली आहे. झोपवली की रडते, कुणी उचलून धरली की गप्प. सासू कडेवर घेते, पाय आधीच फाकलेले असल्यामुळे बरोबर बसते. पण तिला दम लागतो, ती किती वेळ धरणार? मला सोमवारपासून कंपनीत जावंच लागेल, नाहीतर जागा जाते. लाहू रात्रपाळी मागून बघतोय.

आईला पाठव. मी माफ केलं असं समजू नको. तिच्या हातात ताकद आहे, जन्मभर मासळीच्या पाट्या उचलल्यात तिनं, म्हणून बोलावते. आणि एक अट आहे. सातपाटीला जाते सांगून नाही. बाबांना सांगून, दिवसाढवळ्या, लोकांसमोर. चोरून येणार असेल तर नको. माझी पोर चोरीची नाही.

सासूला विचारलं, ती आलेली चालेल का? ती म्हणाली, येऊ दे, पण बांधायची फडकी घरी ठेवून यायला सांग.

सुषमा


वाढवण
१ डिसेंबर २०१८

सुषमा,

मी सांगते, रुपल लिहिते. तिला बजावलंय, तुझं शहाणपण मध्ये घालू नको.

तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं. सही केलीस ते बरं केलंस.

आज बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना तुझ्या बापाला सांगितलं. मुद्दाम तिथे, सगळ्या बाया होत्या. म्हटलं, सुषमाच्या पोरीचं ऑपरेशन झालंय, मी तलासरीला चालले, तीन महिने. नवशी झाली तेव्हाही तिथेच होते, सातपाटीला नव्हते. ते म्हणाले, गेलीस तर परत येऊ नको. मी म्हटलं, बरं. प्लास्टर सुटेपर्यंत वेळ आहे, नीट विचार करून सांगा. बाया हसल्या. ते नाही हसले. घरी येऊन जाळं घेऊन बसलेत. रुपल त्यांच्या जेवणाचं बघेल म्हणते, तिला मी म्हटलं, तू कॉलेजला जा. भात शिजवायला काय हाडं पाठ करावी लागत नाहीत, शिकतील.

जत्रेत मी तुला पाहिलं होतं. करदीचा भाव त्या बाईनं केव्हाच मान्य केला होता, मीच उगीच भांडत राहिले. मान वर केली असती तर हाक मारावी लागली असती. मागून पोरगी चालताना पाहिली. तिथेच कळलं होतं काहीतरी बिघडलंय. दोष मात्र दुसऱ्यावर टाकला. तो हातासरशी सापडला.

मी तुला असंच बांधलं, रुपलला बांधलं. तुम्ही दोघी ताठ चालता. आळीतली किती पोरं माझ्या हाताखालून गेली. म्हणून मला वाटायचं, आपला हात चांगला आहे. आता तोच हात घेऊन येते, दुसरा कुठून आणू?

उद्या सकाळच्या गाडीनं निघते. वाणगावहून डहाणू, तिथून पुढे तलासरी. मला घ्यायला कुणी येऊ नका, मला रस्ता माहीत आहे. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी पोर धरून बसेन.

मी जन्मभर वजन डोक्यावर घेतलं. कडेवर धरायची माझ्या अंगाला सवय नाही, आणि प्लास्टरमधलं पोर कसं तोलायचं ते तर मुळीच माहीत नाही. विहीणबाईंना सांग, मी आले की आधी मला ते शिकवा. एकदा चुकले तर पुन्हा दाखवा म्हणावं, पण पोर माझ्या हातातून काढून घेऊ नका.

त्यांच्यासाठी सुके बोंबील आणते. चांगले, कडक वाळलेले. फडकी आणत नाही.

आई